पदव्युत्तर कृषिशिक्षणाचा अग्रक्रम

चैत्र-वैशाखांत विहिरीचें पाणी तळाला गेलें म्हणजे प्रत्येक बागाईतदारास एक अप्रिय निर्णय करावा लागतो. ऊंस जगवावा कीं फळबाग राखावी, गुरांसाठीं घास ठेवावा कीं भाजीपाला काढून घ्यावा, हें ठरवून तो बाकीच्या वाफ्यांचीं दारें बंद करितो. सर्वांस थोडथोडें पाणी देऊं म्हणणाऱ्याच्या हातीं कोणतेंच पीक लागत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु आमच्या कृषि विद्यापीठांच्या पदव्युत्तर विभागांविषयीं जेव्हां जेव्हां बोललें वा लिहिलें जातें, तेव्हां हा साधा हिशेब क्वचितच दिसतो. हवामानबदल, सेंद्रिय व नैसर्गिक शेती, ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, निर्यात, प्रक्रिया, उद्योजकता, या सर्वांस ‘अग्रक्रम’ हें एकच विशेषण लाविलेलें असतें. ज्या यादींत सर्वच पहिलें, तिला अग्रक्रम म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होय. अग्रक्रम ठरविणें म्हणजे कोणतें दार बंद करावयाचें हें ठरविणें. आणि तें धैर्य अद्याप कोणी दाखविलेलें आम्हांस दिसत नाहीं.

पदव्युत्तर शिक्षण हा विद्वानांचा घरगुती प्रश्न आहे, त्यांत शेतकऱ्यास काय कळतें, अशी एक समजूत आहे. ती आम्हांस मान्य नाहीं. पदवीचा विद्यार्थी जें ठाऊक आहे तें शिकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यानें जें ठाऊक नाहीं तें शोधावयाचें असतें. शिवाय आज एम. एस्सी. आणि पीएच. डी. करणारी मंडळीच उद्यां बियाण्याचे पैदासकार, कीटकशास्त्रज्ञ, महाविद्यालयांतील अध्यापक, तालुक्याचे कृषि अधिकारी आणि औषध-कंपन्यांचे सल्लागार होणार. उमेदीच्या त्या दोन-चार वर्षांत त्यांनीं कोणत्या प्रश्नाशीं झुंज घेतली, यावर पुढील तीस वर्षें आमच्या बांधावर कोणता सल्ला येईल हें अवलंबून आहे. तेव्हां या बाबतींत आम्हीं तोंड उघडलें तर तो आगाऊपणा ठरूं नये.

आरंभीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. पुण्यास १८७९ सालीं विज्ञान महाविद्यालयाला जोडून शेतकीचा वर्ग निघाला, आणि १९०७ सालीं स्वतंत्र शेतकी महाविद्यालयाची उभारणी सुरू झाली. तेथें प्राचार्य म्हणून आलेले डॉ. हॅरॉल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यापूर्वीं ते चहाच्या मळ्यांचे शास्त्रज्ञ होते. पण पुण्यास आल्यावर त्यांनीं हातीं घेतले ते प्रश्न चहाच्या पेल्यांतले नव्हते. नीरेच्या खोऱ्यांत कालव्याचें पाणी येऊन जमिनी खाऱ्या होऊं लागल्या होत्या. तम्हाणे यांच्यासह त्यांनीं त्या जमिनी तपासून आपला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढें पिंपळे सौदागर या गांवाची जमीन, तिचे झालेले तुकडे, कर्जें व उत्पन्न यांची घरोघर पाहणी करून १९१७ सालीं त्यांनीं एक ग्रंथ लिहिला, आणि १९२१ सालीं कानिटकर यांच्या सहकार्यानें जातेगांव बुद्रुकचा तसाच दुसरा ग्रंथ सिद्ध केला. (आज त्या पिंपळे सौदागरांत शेतांपेक्षां इमारतीच अधिक उगवल्या आहेत, तो भाग निराळा.) याच कानिटकरांनीं १९२३ पासून मांजरीस कोरडवाहू शेतीचे प्रयोग चालविले, आणि १९३३ सालीं सोलापुरास त्यासाठीं खास केंद्र झालें. बांधबंदिस्ती, तीन वर्षांतून एकदां खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही जी कोरडवाहू पद्धति आमच्या वडिलांनीं ऐकली व कांहींशी आचरलीहि, ती अशा चिकाटींतून निघाली. मोहोळास स्थानिक मालदांडींतून निवडलेली ३५-१ ही रब्बी ज्वारी त्याच काळांतली. ती आजहि सोलापूर आणि मराठवाडा या टापूंतील शेतकऱ्याच्या घरांत भाकरीला व गोठ्यांत कडब्याला आहे. गणेशखिंडीच्या बागेंत डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं निवडलेलें डाळिंब पुढें ‘गणेश’ या नांवानें सर्वत्र गेलें, आणि कित्येक कोरडवाहू कुटुंबांस त्यानें पहिल्यांदा पैसा दाखविला.

आम्ही जुन्या काळाचे भाट नव्हों. त्या काळीं संशोधन मूठभर ठिकाणीं होतें, शेताच्या बांधावर कामकरी बाई काय सोसते याकडे फारसें कोणाचें लक्ष नव्हतें, आणि सरकारी शेतावर जें साधतें तें शेतकऱ्यास परवडेल कीं नाहीं याचीहि वानवाच होती. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. त्या लोकांनीं प्रश्न थोडे घेतले आणि ते सोडले नाहींत. माणसें बदललीं, प्रश्न बदलला नाहीं.

आज साधनांची तुलनाच करावयास नको. राहुरीचें विद्यापीठ १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, आणि परभणी व दापोली येथील दोन्ही १८ मे १९७२ रोजीं स्थापन झालीं. त्याच वर्षीं पावसानें असा दगा दिला कीं ‘बहात्तरचा दुष्काळ’ हा शब्द अजून म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहे. या चार विद्यापीठांनीं कांहींच केलें नाहीं असें म्हणणारा कृतघ्न ठरेल. कपाशीचें नांदेड-४४, वेंगुर्ल्याचे काजू व ‘रत्ना’ आंबा, राहुरीचें ‘भगवा’ डाळिंब, पाडेगांवचा को-८६०३२ ऊंस, हीं नांवें आमच्या सात-बाऱ्यावर नसलीं तरी आमच्या संसारांत लिहिलेलीं आहेत. पण यांतील बहुतेक कामें संशोधन केंद्रांवरील शास्त्रज्ञांच्या दीर्घ नेमणुकांतून झालीं. पदव्युत्तर वर्गांतून दर वर्षीं जे शेंकडों प्रबंध बाहेर पडतात, त्यांचा वाटा त्यांत किती? आमचा प्रश्न येथून सुरू होतो.

अडचण कोठें आहे हें पाहूं. एम. एस्सी. (कृषि) या पदवीस एकंदर ७० श्रेयांक असून त्यांपैकीं ३० श्रेयांक संशोधनप्रबंधाचे आहेत, पीएच. डी.स १०० पैकीं ७५. कागदावर ही वांटणी उत्तम आहे. पण एम. एस्सी.चीं वर्षें दोनच. पहिलें वर्ष वर्गांतील विषयांत जातें, प्रवेशास उशीर झाला तर त्यांतलेंहि कांहीं बुडतें. विषय ठरून, समितीची मान्यता मिळून विद्यार्थी शेतावर उतरतो तों त्याच्या हातीं एक खरीप किंवा एक रब्बी एवढेंच राहतें. त्या एका हंगामावर तो प्रबंध लिहितो. आंब्याचें झाड दोन वर्षांत पदवी घेत नाहीं, हें दापोलीच्या प्राध्यापकांइतकें कोणास ठाऊक असणार? पण हंगामी पिकासहि एक वर्ष पुरत नाहीं. आमच्याकडे सलग दोन पावसाळे सारखे पडल्याचें कोणी पाहिलें आहे?

मग दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तोच प्रयोग पुढें कां चालवीत नाहीं? कारण ‘हें काम पूर्वीं झालें आहे’ असा शेरा त्याच्यावर येतो. नवा विद्यार्थी म्हणजे नवा विषय, अशी रूढी आहे. त्यामुळें पिकाचें नांव बदलून, दोन ओळींतील अंतर व खताची मात्रा बदलून, किंवा एखादें नवें द्रव-खत फवारून त्याच सांच्याचे विषय फिरत राहतात. मार्गदर्शकासहि आपली बढती पाहावी लागते. ज्या नियतकालिकास अधिक गुणांकन आहे त्यांत लौकर छापून येईल असाच विषय त्यास सोयीचा. आणि विद्यार्थ्याचें म्हणाल तर त्याचें अर्धें लक्ष स्पर्धा-परीक्षेच्या पुस्तकांत असतें. आम्ही त्यास दोष देत नाहीं. चार एकर कोरडवाहू जमिनीच्या बापानें त्यास जी अपेक्षा बांधून पाठविलें, ती तो पुरी करूं पाहतो.

येथें एक घडलेली गोष्ट सांगतों. गांवाचें व विद्यापीठाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या एका सभासदाच्या शेतावर पदव्युत्तर वर्गांतला एक मुलगा सोयाबीन आणि तूर या आंतरपिकांखालच्या ओलीचीं मोजमापें घेण्यास येत असे. जुन्या मोटारसायकलीवरून यावयाचें, गिरमिटानें एक, दोन व तीन फुटांवरची माती काढावयाची, डब्यांत भरून न्यावयाची, असा त्याचा क्रम. मुलगा कष्टाळू होता. सभासदांच्या आईनें त्यास कित्येकदां बसवून भाकरी वाढली. त्या श्रावणांत पावसानें तीन आठवडे दडी मारली. शेजारपाजारचें सोयाबीन करपलें; याच शेतांत ज्या तुकड्यांत सऱ्या पाडून रुंद वरंब्यावर पेरणी केली होती तेथें तें तग धरून राहिलें, आणि ज्या हलक्या तुकड्यांत तीच पद्धति होती तेथें मात्र कांहींच फरक पडला नाहीं. ही गोष्ट आमच्या सभासदांनींहि डोळ्यांनीं पाहिली, मुलानेंहि वहींत नोंदली. पीक निघालें, मुलगा गेला. पुढच्या वर्षीं सभासदांनीं तो तुकडा तसाच राखून ठेविला होता. कोणी आलें नाहीं.

पुढें एका सभेंत सभासदांनीं आम्हांस विचारलें, “त्या ओलीचं पुढं काय झालं हो?” आम्हीं चौकशी केली. मुलास पदवी मिळाली होती, आणि नोकरी लागली होती ती बँकेंत. मार्गदर्शक निवृत्त झाले होते. त्यांची जागा भरलेली नव्हती. प्रबंध ग्रंथालयांत होता, इंग्रजींत, नीटनेटका बांधलेला. त्याच्या शेवटच्या पानावर असा मजकूर होता कीं, हे निष्कर्ष एकाच हंगामाचे असल्यामुळें खात्रीसाठीं हा प्रयोग आणखी दोन-तीन वर्षें करणें आवश्यक आहे. हें वाक्य आम्हीं त्यानंतर इतक्या प्रबंधांच्या शेवटीं पाहिलें आहे कीं, तें छापूनच ठेवलें असावें अशी शंका येते. सर्वांस जें आवश्यक वाटतें, तें करण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाहीं.

आमच्या मतें पदव्युत्तर विभागाचा पहिला सुधार हा विषयांच्या यादीचा नसून या वाक्याचा आहे. प्रत्येक विभागानें तीन, फार तर चार प्रश्न निवडावे आणि ते दहा वर्षें धरावे. दर वर्षीं येणारा विद्यार्थी त्या साखळींतली एक कडी घेईल. आधींच्या विद्यार्थ्याचीं आंकडेवारीचीं मूळ पानें त्याच्या हातीं पडतील, तोच तुकडा, तीच मोजमापाची पद्धति राहील, आणि त्याच्या प्रबंधाचें मोल आधींच्या नऊ जणांच्या कामामुळें वाढेल. यांत त्याच्या बुद्धीस वाव उरत नाहीं असें कोणी म्हणेल. इंग्लंडांत रोथॅमस्टेड येथें गव्हाच्या एकाच शेतावर १८४३ पासून खतांचा प्रयोग अखंड चालू आहे. त्यावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या पिढ्या झाल्या, त्यांतील कोणाची बुद्धि त्यामुळें गंजल्याचें ऐकिवांत नाहीं. इतकें लांब जावयास नको. अकोल्यासहि काळ्या जमिनींत ज्वारी व गहू या फेरपालटावर दीर्घकालीन खतप्रयोग कित्येक वर्षें चालला आहे. नुसत्या रासायनिक खतापेक्षां त्यास शेणखताची जोड दिल्यानें जमीन व उत्पन्न दोन्ही टिकतात, असें आज तेथील शास्त्रज्ञ छातीठोकपणें सांगूं शकतात, तें या धीरामुळेंच.

आतां पहिलें दार कोणतें उघडावें? आमचें उत्तर स्पष्ट आहे. महाराष्ट्रांतील पिकाखालच्या जमिनीपैकीं सुमारें चार पंचमांश जमीन पावसाच्या भरंवशावर आहे. तेव्हां पावसाचा खंड पडल्यावर निरनिराळ्या खोलीच्या जमिनींत ओल किती दिवस पुरते, आणि ती वाढविण्याचा कोणता उपाय किती खर्चांत साधतो, हा प्रश्न कृषिविद्या, मृद्‌शास्त्र, कृषि अभियांत्रिकी आणि हवामानशास्त्र या चारही विभागांनीं मिळून पहिला मानावा. सहाशें मिलिमीटर पाऊस पडला असें म्हटल्यानें शेतकऱ्यास कांहींच समजत नाहीं. तो वीस दिवसांत पडला कीं पन्नास, आणि फुलोऱ्याच्या वेळीं किती दिवस उघाड होती, यावर सोयाबीन पिकतें किंवा जातें. भारी काळ्या जमिनीचा धनी तीन आठवडे दम धरूं शकतो. मुरमाड माळाच्या धन्यास आठवड्यांतच आभाळाकडे पाहावें लागतें. या दोघांस आज एकच शिफारस मिळते.

रुंद वरंबा-सरीचीच गोष्ट घ्या. ती चांगली, असें सर्व सांगतात. पण शेतकऱ्याचा प्रश्न निराळा असतो. औजाराचें भाडें व ट्रॅक्टरचा खर्च धरून, माझ्यासारख्या जमिनींत, दहा वर्षांतून किती वर्षें हें फायद्याचें ठरेल? सहा वर्षें म्हणाल तर मी करीन. तीन वर्षें म्हणाल तर करणार नाहीं. हें ‘दहांतून किती’ एका हंगामाच्या प्रबंधांतून कधींच निघणार नाहीं, मग तो कितीहि हुशारीनें लिहिलेला असो. तें निघेल तें दहा विद्यार्थ्यांनीं एकामागून एक केलेल्या कामांतून. म्हणून दीर्घ मुदतीचा आग्रह हा आमचा लहरीपणा नव्हे; कोरडवाहू शेतीच्या प्रश्नाचें स्वरूपच तसें आहे. यालाच जोडून जमिनींतील सेंद्रिय कर्ब, रब्बी ज्वारीचें घटतें क्षेत्र आणि त्यामुळें महागलेला कडबा, हींहि याच साखळींत घेतां येतील.

दुसरा प्रश्न किडींचा. त्याविषयीं आमचें मन अजून शांत झालेलें नाहीं. देशांत बी. टी. कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली, दोन जनुकांचें वाण २००६ सालीं आलें, आणि कांहीं वर्षें बोंडअळीची भीति सरली. परंतु गुलाबी बोंडअळींत प्रतिकारशक्ति येत असल्याचें शास्त्रज्ञांच्या ध्यानांत २०१० च्या सुमारासच आलें होतें; आमच्या शेतांत तिचा खरा तडाखा बसला तो २०१७ सालीं. त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. मध्यें गेलेल्या वर्षांत प्रत्येक तालुक्यांतून बोंडें गोळा करून अळीची प्रतिकारशक्ति वर्षानुवर्ष मोजणें, आणि तिचा निकाल पेरणीपूर्वीं मराठींत गांवोगांव पोंचविणें, हें काम कीटकशास्त्राच्या पदव्युत्तर विभागांहून अधिक स्वस्तांत कोण करूं शकलें असतें? त्यांच्यापाशीं प्रयोगशाळा होत्या, दर वर्षीं येणारे नवे हात होते. आतां मक्यावरील लष्करी अळी २०१८ पासून देशांत आली आहे. तेव्हां तीच चूक दुसऱ्यांदा होऊं नये. यांत आमचा वांटाहि लपवितां येत नाहीं. बियाण्याच्या पाकिटाबरोबर आश्रयाच्या ओळींसाठीं दिलेली साधी कपाशी आपल्यापैकीं किती जणांनीं पेरली, आणि किती जणांनीं ती बांधावर फेकून दिली?

तिसरा प्रश्न बाजाराचा व भूजलाचा. त्याबद्दल येथें विस्तार करीत नाहीं; कांद्यावर स्वतंत्र लेख येणारच आहे. एवढेंच सुचवितों कीं कृषि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं दर वर्षीं नव्या तालुक्यांत नवी प्रश्नावली नेण्याऐवजीं मान साहेबांनीं केली तशी निवडक गांवांची पाहणी करावी, आणि तींच गांवें दर पांच वर्षांनीं पुन्हां पाहावीं.

दारें उघडणें सोपें. बंद कोणतीं करावयाचीं? अंतर व खतमात्रांचे एकहंगामी प्रयोग पदव्युत्तर प्रबंधासाठीं बंद करावे. तें काम पदवीच्या विद्यार्थ्यांस शिक्षण म्हणून ठीक आहे. कंपन्यांच्या तयार द्रावणांच्या चांचण्या प्रबंध म्हणून घेऊं नयेत. ज्यास माल विकावयाचा आहे त्यानें शुल्क भरून त्या करून घ्याव्या. पुरेसे अध्यापक नसतांना नवे अभ्यासक्रम उघडण्याचा मोहहि आवरावा. विद्यापीठांत अध्यापकांच्या पुष्कळ जागा दीर्घकाळ रिक्त राहतात, आणि एकेका मार्गदर्शकाकडे विद्यार्थ्यांची दाटी होते. गोठ्यांत चारा चार जनावरांचा आणि दावणीला बारा, अशी स्थिति असतां तेरावें जनावर आणणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. रिक्त जागा भरण्याचा तगादा सरकारकडे लावणें हें कुलगुरूंइतकेंच आमचेंहि काम आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचारांत घेण्याजोगा आहे. शेतकऱ्यास आजची अडचण दिसते, उद्यांची दिसत नाहीं. त्याच्या हातीं अग्रक्रम दिला तर मूलभूत विज्ञान उपाशी मरेल, असें कांहीं प्राध्यापकांचें म्हणणें आहे. कोइमतूरचें ऊंस पैदास केंद्र १९१२ सालीं निघालें. तेथें बार्बर व व्यंकटरामन यांनीं लागवडीच्या उंसाचा संकर रानटी उंसाशीं केला. बारीक, गवतासारखा, गोडीस कमी असा तो रानटी ऊंस कोणा शेतकऱ्यानें मागितला असता? कोणींच नाहीं. पण त्यांतून को-२०५ निघाला, आणि पुढें देशाचा उंसाचा धंदाच पालटला. तेव्हां मूलभूत विज्ञानास आमचा विरोध मुळींच नाहीं; उलट त्यासाठीं एक प्रश्न राखून ठेवावा, आणि तो शेतकऱ्यांस न विचारतां प्राध्यापकांनीं स्वतः निवडावा असें आम्ही म्हणतों. मात्र तोहि दहा वर्षें धरावा. कोइमतूरच्या त्या दोघांनीं दर वर्षीं विषय बदलला असता तर आज आपण कोणता ऊंस लावला असता, कोण जाणे.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते, जरी ती लहान दिसत असली. ज्या गांवांत प्रयोग झाला त्या गांवांत विद्यार्थ्यानें परत जाऊन, चावडींत किंवा शाळेंत बसून, आपला निकाल मराठींत सांगावा, आणि त्या सभेस मार्गदर्शकांनीं हजर राहावें. तसें झाल्याखेरीज प्रबंध पुरा झाला असें मानूं नये. प्रबंध आतां ‘कृषिकोश’ या संगणकीय भांडारांत ठेवण्याची सोय झाली आहे, ती चांगलीच आहे. पण आमच्या सभासदांच्या आईनें वाढलेल्या भाकरीची परतफेड त्या भांडारांत होत नाहीं. पदव्युत्तर वर्गांत आतां मुलीहि मोठ्या संख्येनें आहेत. त्या अशा सभांस येऊं लागल्या म्हणजे खुरपणी, वेचणी, कापणी या ज्या कामांविषयीं पुरुषांची सभा बोलतच नाहीं, त्यांचेहि प्रश्न वर येतील, असा आमचा भरंवसा आहे.

अग्रक्रम ठरविणाऱ्या मंडळींत शेतकरी असावे कीं नाहीं? विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. शिवाय दर वर्षीं चारही विद्यापीठांची संयुक्त संशोधन समिति भरून वाण, औजारें व शिफारशी मान्य करिते. जागा आहेत, त्या जागांवर बसून काय विचारावें हें आपल्यास ठाऊक नाहीं. आम्ही वाण मागतों, रोपें मागतों, अनुदान मागतों, आणि पुष्कळदां मुलाच्या प्रवेशाची चिठ्ठी मागतों. गेल्या दहा वर्षांत या विभागांतून किती प्रबंध झाले, त्यांतील किती पुढें चालविले गेले, आणि आमच्या जिल्ह्यांत त्यांचे प्रयोग कोठें झाले, हे प्रश्न विचारणारा प्रतिनिधी आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. अधिष्ठात्यांनाहि असा प्रश्न ऐकून आनंदच होईल; निदान चांगल्या अधिष्ठात्यांना होईल.

पण प्रश्न विचारावयाचा तर हातीं कांहीं तरी पाहिजे. ‘पाऊस कमी झाला, पीक गेलें’ एवढ्यावर कोणताहि शास्त्रज्ञ काम करूं शकत नाहीं. यास्तव आमच्या सभासदांस विनंती आहे कीं, दिवाळीपूर्वीं प्रत्येकानें आपल्या शेताचा एकच प्रश्न लिहून संस्थेच्या कचेरीकडे पाठवावा. त्याबरोबर जमिनीची खोली (खड्डा खणून, टेपानें मोजलेली, अंदाजानें नव्हे), गेल्या तीन खरिपांतील पेरणीच्या तारखा, सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा व तो पीक कोणत्या अवस्थेंत असतां पडला, आणि एकरीं उत्पन्न, एवढें असावें. ज्यांच्याकडे पर्जन्यमापक असेल त्यांनीं रोजच्या नोंदीची नक्कल जोडावी. ज्यांची एक एकर जागा दहा वर्षें प्रयोगासाठीं देण्याची तयारी असेल त्यांनीं तसें ठळक लिहावें. त्या तुकड्याची विक्री किंवा वांटणी जवळच्या काळांत होण्यासारखी असल्यास कृपया नांव देऊं नये. आलेले प्रश्न जमिनीच्या प्रकारावार लावून संस्था ते मार्गशीर्षांत आपल्या विभागाच्या विद्यापीठाच्या अधिष्ठात्यांकडे समक्ष नेऊन देईल. सऱ्यांचा तो तुकडा राखून ठेवणाऱ्या आमच्या सभासदांचें पत्र पहिलें आलें आहे.